पुरवणी जबाब

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
औषधवाल्याने दिलेली डायरी. दर वर्षी वाण्याच्या यादीत संपते. यंदा हिच्यात लिहिणार, कारण डॉक्टर म्हणाले आठ दिवस स्क्रीनकडे बघायचं नाही, आणि मला बोटं चालवल्याशिवाय करमत नाही. ठाण्याच्या कोर्टाच्या आवारात एकतीस वर्षं टायपिंगचं टेबल. हाताने लिहिलेलं माझं मलाच वाचता येईना.

काल भोगी. संध्याकाळी साडेसहाला भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते (लिफ्ट बंद, नेहमीप्रमाणे). दुसऱ्या मजल्यावर तुषार उभा. त्या मजल्यावरच्या मनालीचा नवरा. हातात हेल्मेट.
"माझ्या बायकोला अर्ज लिहून देतेस?"
"देते की. कामच आहे माझं ते."
हेल्मेट पट्ट्याने धरलं आणि डाव्या कानाच्या वर घातलं. दुसरा घाव खांद्यावर. कठडा धरला म्हणून पडले नाही. वालपापडी, गाजरं, बोरं गडगडत तळमजल्यापर्यंत गेली. मनाली दारात होती. तिने सगळं पाहिलं. मग दार लावून घेतलं.

पालिकेच्या दवाखान्यात सहा टाके. कानात कुकरच्या शिट्टीसारखा आवाज, तो अजून आहे.

फिर्याद मात्र आज सकाळी स्वतः टाइप केली. स्क्रीन वगैरे नंतर. हे ओरडत होते, "अगं, पडून राहा ना." एका बैठकीत, एकही खाडाखोड नाही. पो.स्टे.मधल्या फौजदारांनी कागद हातात धरून पाहिला. म्हणाले, "मोरे मॅडम, छापील वाटतंय." टाके दुखत होते तरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तुषारला मी सोडणार नाही.

१६ जानेवारी
गुन्हा दाखल नाही. एनसी. अदखलपात्र. म्हणजे नोंद करून कागद तुमच्या हातात, तपास नाही, तुम्हाला वाटलं तर कोर्टात जा. हा कागद घेऊन रडत येणाऱ्या बायका मी रोज बघते. आज माझ्या हातात.

तणतणत फोन केला. डोक्याला सहा टाके आणि एनसी?
फौजदार शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहिलंय. वाचा ना."

वाचलं. "सदर इसमाने मला शिवीगाळ व दमदाटी करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली व बघून घेण्याची धमकी दिली."

हेल्मेट कुठे आहे?

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ह्यांना मोठ्याने वाचायला लावलं. हेल्मेट नाही. जिना नाही. भोगीची भाजी नाही. माझ्या बोटांनी आपलं आपण ते वाक्य उमटवलं, जे ती एकतीस वर्षं उमटवत आलीत. हाताबुक्क्यांनी म्हटलं की साधी दुखापत, साधी दुखापत म्हटलं की एनसी. हे मला झोपेत विचारा.

इतकी चीड कुणाची आली नव्हती. तुषारचीसुद्धा.

१७ जाने.
पो.स्टे. फौजदार माणूस वाईट नाही, कंटाळलेला आहे. "पुरवणी जबाब द्या. पहिल्या जबाबात जे राहिलं ते त्यात घालू. पण कोर्टात समोरचा वकील तेच धरणार बघा. म्हणणार, नंतर सुचलं." मग खुर्ची पुढे घेऊन, "एकाच बिल्डिंगमधले तुम्ही. रोज तोंड बघायचं. मिटवून टाका ना."
म्हटलं, "जबाब घ्या."
घेतला. हेल्मेट घातलं. काळं, मागे लाल पट्टी. सही केली.

दळवींचा फोन. माझ्या शेजारचं टेबल, वय सत्तर, जीभ पंचविशीची. "बाई, आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्यात, आता आमची पाळी." मग लगेच, "ये लवकर. तुझं गिऱ्हाईक माझ्याकडे येतंय, मला झेपत नाही." म्हातारा हळवा झाला की असाच बोलतो.

२० जानेवारी, सोमवार
ठाणे. टेबलाकडे न बघता सरळ विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत. माझ्या टेबलापासून चाळीस पावलं. कितीतरी बायकांना बोट दाखवून पाठवलं, "तिथे जा, बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, नवऱ्याचा पगार कोणी विचारत नाही." स्वतः पहिल्यांदा आत गेले. तिथला कारकून ओळखीचा. त्याने फॉर्म सरकवला आणि सवयीने म्हणाला, "बाहेर मोरे बाईंकडून टाइप करून आणा." मग जीभ चावली.

वकील मिळाली. अॅड. कीर्ती गायकवाड. तिशीची असेल. उल्हासनगरहून स्कूटरवर येते, केस विस्कटलेले. मला वाटलं, ही पोरगी काय करणार.

म्हणाली, "मावशी, काय झालं ते सांगा."
"सदर इसमाने..."
"सदर नको."
"आरोपीने..."
"आरोपी पण नको. त्याचं नाव काय? तुम्ही कुठल्या पायरीवर होतात? पिशवी कुठल्या हातात?"
पाऊण तास लागला. ती हाताने लिहून घेत होती, मध्ये एकदाही टाइप केलं नाही. पिशवी उजव्या हातात होती. म्हणून डावा हात वर गेला आणि मनगटावर वळ आहे. हा वळ आहे हे तोवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पोरगी करेल काहीतरी.

२९ जाने.
कीर्तीसोबत कल्याणला पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात. लेखी अर्ज, दवाखान्याचा दाखला, पुरवणी जबाब. दाखल्यात डॉक्टरने लिहून ठेवलंय, "कठीण व बोथट वस्तूने झालेली जखम." देव भलं करो त्या शिकाऊ डॉक्टरचं. माझ्यापेक्षा त्याने नीट लिहिलं.

३ फेब्रुवारी, सोमवार
गुन्हा दाखल झाला!! शस्त्राने दुखापत, दखलपात्र. हेल्मेट जप्त करायला लगेच हवालदार पाठवला. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायची असते, मागावी लागू नये असं कायद्यात आहे. मागावी लागली. मागितली. मिळाली.
घरी शिरा केला. ह्यांनी दोनदा घेतला.

१३ फेब्रु.
कल्याण कोर्ट. तुषारचा अटकपूर्व जामीन. पूर्वी असल्या तारखेला फिर्यादीला कोणी विचारत नसे, सरकारी वकील आणि आरोपीचा वकील, झालं. आज कीर्ती उठली. "मूळ फिर्यादीला म्हणणं मांडायचं आहे." न्यायाधीश साहेबांनी मान डोलावली. मी मागच्या बाकावर ताठ बसले. आयुष्यभर कोर्टाच्या बाहेर बसलेली बाई आज आत. आणि माझं म्हणणं म्हणून कुणीतरी बोलतंय.

मग त्याचा वकील. गोड आवाज, पांढरी मिशी. "युवर ऑनर, फिर्यादी ही एकतीस वर्षं अनुभव असलेली टायपिस्ट. हजारो फिर्यादी टाइप केल्या. स्वतःच्या फिर्यादीत मात्र हेल्मेट विसरली? विसरली नाही. नंतर घातलं."
कानात शिट्टी वाजत होती तरी शब्द न् शब्द ऐकला.

जामीन झाला. अटी आहेत. आमच्या बिल्डिंगमध्ये यायचं नाही, मला किंवा साक्षीदाराला भेटायचं नाही. तो भावाकडे राहायला गेला. कीर्ती म्हणते, अटी मिळाल्या हे पुष्कळ. मला तो मिशीवाला दिसतोय.

१६ फेब्रुवारी, रविवार
सोसायटीची मीटिंग. विषय, पाण्याची टाकी. टाकीवरून सेक्रेटरी कधी माझ्यावर घसरले कळलं नाही. "मोरे वहिनी, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं मागे यायला हवं." विचारलं, "माझी बाजू कुठून मागे नेऊ? टाके काढून?" ह्यांनी माझा पदर ओढला. मीटिंग टाकीवर परत गेली.

२ मार्च, रविवार
मनालीकडे जाऊन आले. मारहाणीच्या दुसऱ्या दिवशीच ती माहेरी गेलेली, शीळफाट्याजवळच्या गावात. फाट्यावर रिक्षा सोडली आणि धुळीतून चालत. डोक्यात एकच, तिने पाहिलंय. ती बोलली की मिशीवाल्याचं तोंड बंद. तिच्यासाठी खरवस नेला होता.

आईने दारातच अडवलं. "बाय, मना काय नको कोर्ट न् कचेरी. पोरीला जगाव दे."
मनाली आतून आली. वाळलीय. खरवस घेतला नाही. पोलिसांना तिने सांगून टाकलंय, आवाज ऐकला, पाहिलं नाही.
म्हटलं, "मनाली, तू दारात होतीस."
मग म्हटलं, "अगं, तुझ्यासाठीच तर मार खाल्ला ना मी."
हे बोलायला नको होतं. बोलून गेले.

मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मावशी, मागच्या वर्षी मी तुमच्याकडे आलेली. तुम्हाला पट्ट्याचं सांगितलेलं. कपाटामागे उभं करून पट्ट्याने मारायचा ते. पाठ दाखवली होती. तुम्ही 'अरेरे' म्हणालात. आणि अर्जात काय लिहिलंत?"

मला आठवेना.

"हाताबुक्क्यांनी. मी वाचला ना अर्ज, पोलिसांनी हातात दिला तेव्हा. एनसी झाली. ते घेऊन मी घरी गेली, त्याच्याकडे. तिथे लिहिलं नाहीत, आता कशाला बोलू?"

आईने दार लावलं. खरवस पायरीवर राहिला. फाट्यापर्यंत कशी आले माहीत नाही. एक ट्रकवाला ओरडला एवढं आठवतं.

३ मार्च
जुना पेनड्राइव्ह लावला. मनालीचा अर्ज सापडला. आहे. तेच वाक्य, स्वल्पविरामासकट.
मग बाकीचे उघडत गेले. टिटवाळ्याची ती शाळेतली शिपाईबाई. मुंब्र्याची दोन मुलं घेऊन आलेली. कळव्याच्या आजी, मुलाने गॅलरीत कोंडलेलं. त्यांनी काय काय सांगितलं होतं ते अंधूक आठवतं. कागदावर सगळ्यांना सारखंच मारलेलं. मोजायला बसले नाही. बंद केला.

मी वाईट काम केलं असं अजून वाटत नाही. घाईचं केलं. वकिलांना तेच लागायचं, पोलिसांना तेच लागायचं, बायकांना पाचच्या आत घरी जायचं असायचं. पण मनालीची पाठ मी पाहिली होती. ती पाठ माझ्यामुळे कागदावर आली नाही. याला काय म्हणायचं ते म्हणा, मला आज जेवण गेलं नाही.

५ मार्च
कीर्ती प्रचंड चिडली. "मावशी! साक्षीदाराकडे गेलात? खरवस घेऊन? त्या वकिलाला कळलं तर म्हणेल साक्षीदार फोडला. यापुढे मनालीशी केसबद्दल एक शब्द नाही. भेटली तरी नाही. शपथ घ्या." घेतली. कायदा मला माहीत होता, पाय मात्र आपले गेले.
मग हळूच म्हणाली, "तिचा स्वतःचा त्रास वेगळा आहे. त्याची तक्रार ती कधीही करू शकते. पण तिला वाटेल तेव्हा. तुम्हाला वाटेल तेव्हा नाही."

१० मार्च, सोमवार
टेबलावर परत. दळवींनी माझी खुर्ची पुसून ठेवलेली. कुणी पुसली म्हटलं तर म्हणाले, वाऱ्याने.
पहिलीच बाई दिव्याहून आलेली. भावजयीने मारलं म्हणाली. बोटं की-बोर्डवर गेली आणि मी लॅपटॉप मिटला. वही काढली. "सांगा. कशाने मारलं? कुठल्या हाताने? तुम्ही कुठे उभ्या होतात?"
बाई बावरली. मग बोलायला लागली ती थांबेचना. पाण्याचा तांब्या. पितळेचा. लग्नात आईने दिलेला. तो शब्द ती तीनदा बोलली, मी तीनदा ऐकला, एकदा लिहिला.
अर्धा तास गेला. मागे रांग. रांगेतले तिघे दळवींकडे सरकले. दळवी खुश आणि हैराण, दोन्ही.

१ एप्रिल
एक वकीलसाहेब टेबलावर हात आपटून गेले. "बाई, कादंबरी कशाला लिहिताय? नेहमीचं घाला ना." म्हटलं, "नेहमीचं शेजारी मिळेल." दळवी खोकल्याचं निमित्त करून हसले.

५ मे
नव्वद दिवस झाले. तपास कुठवर आला ते पोलिसांनी फिर्यादीला कळवायचं असतं. कळवलं नाही, तर गेले. हवालदार म्हणाला, "असं विचारायला कोणी येत नाही ओ."
"मी आले ना."
दुसऱ्याला विचारून आला. दोषारोपपत्र तयार आहे, आठवड्यात दाखल होईल. मोबाईलवर मेसेज पाठवतो म्हणाला.

६ मे
मेसेज आला! खाली "कळावे" लिहिलंय. स्क्रीनशॉट काढून कीर्तीला पाठवला. तिने नुसता नमस्काराचा हात पाठवला.

२३ जून
दोषारोपपत्राची प्रत वकिलामार्फत आम्हालाही मिळाली. हेल्मेटचा पंचनामा आहे. काळं, लाल पट्टी, डावीकडे चीर. मनालीचा जबाब दीड ओळ. "मी आवाज ऐकला. मी काही पाहिले नाही." कोणी टाइप केला असेल तो. माझ्यासारखंच कुणीतरी.

कानाच्या डॉक्टरने सांगितलं, शिट्टी राहील बहुतेक. ह्यांना कारखान्यामुळे उजव्याने कमी ऐकू येतं, मला आता डाव्याने. सोफ्यावर जागा बदलून बसलो. आता दोघांनाही टीव्ही नीट ऐकू येतो.

१९ सप्टेंबर
आरोप निश्चित झाले. तुषार उभा राहून "गुन्हा कबूल नाही" म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे पाहिलं. साधा माणूस. गळ्यात मोबाईलची दोरी. ह्याला मी आठ महिने घाबरत नव्हते असं सांगत होते. घाबरत होते. जिन्यावर दुसरा मजला आला की पावलं जड होत. आज कोर्टात त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते आणि काही झालं नाही.

८ डिसेंबर, सोमवार
माझ्या साक्षीची तारीख. मोतिया साडी नेसून गेले. सरकारी वकिलांनी आदल्या आठवड्यात बोलावून समजावलं होतं. सव्वादहा ते अडीच बाकावर. मिशीवाला दुसऱ्या कोर्टात अडकला. पुढली तारीख.
बाहेर पाऊल टाकताना एकदा वाटलं, सोडून द्यावं. चहा प्यायले. वाटणं गेलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
साक्ष झाली. अर्धी. सगळं लिहून ठेवते, उद्या शब्द बदलतील.

पिंजऱ्यात उभी. शपथ. सरकारी वकिलांनी विचारलं, काय घडलं. मी भोगीपासून सुरू केलं. पिशवी उजव्या हातात. लिफ्ट बंद. दुसरा मजला. हेल्मेट. साहेब ऐकत होते आणि शेजारच्या टायपिस्टला मजकूर सांगत होते. टायपिस्ट तरुण, हात छान चालतो. मान तिरकी करून बघायची मला सवय. स्क्रीन दिसत होती.

साहेब म्हणाले, "आरोपीने फिर्यादीच्या डोक्यात..." आणि खोकले. त्या खोकल्यात पोराची बोटं थांबली नाहीत. स्क्रीनवर उमटलं: हाताबुक्क्यांनी मारहाण केली.

"साहेब, थांबा."
कीर्तीचे डोळे एवढे झाले.
"मी तसं म्हटलं नाही. स्क्रीनवर हाताबुक्क्यांनी आलंय. मी हेल्मेट म्हटलं."
साहेब वाकून बघू लागले. पोरगा लाल झाला. "सॉरी सर, सवयीने..."
"माहीत आहे रे बाळा," मी म्हटलं. पिंजऱ्यातून असं बोलायचं नसतं. साहेब रागावले नाहीत. वाक्य खोडलं, नवीन सांगितलं. काळं हेल्मेट. पट्ट्याने धरून. दोन घाव. मी शेवटपर्यंत स्क्रीन वाचली.

मग मिशीवाला उठला. माझी पहिली फिर्याद समोर धरली.
"ही सही तुमची?"
"हो."
"टाइप कोणी केलं?"
"मी."
"यात हेल्मेट शब्द दाखवा."
"नाहीये."
"मग खोटं तेव्हा लिहिलंत की आज बोलताय?"
या एका प्रश्नाची मी तेरा महिने तयारी केली होती. मोठमोठी वाक्यं पाठ होती. एकही आठवलं नाही.
"दोन्ही नाही. त्या मुलाने आत्ता जे केलं, तेच मी केलं. तुमच्यासमोर झालं."

साहेबांनी माझं उत्तर जसंच्या तसं घ्यायला सांगितलं. तोवर पाच वाजत आले. उलटतपास पुढे चालू, १९ मार्च. नंतर मनालीला समन्स.

बाहेर कीर्तीने मला मिठी मारली. काळा कोट, घामाचा वास, मला फार बरं वाटलं. म्हणाली, "जिंकलो असं समजू नका हं." म्हटलं, समजत नाही. पण मनात समजले थोडी, आजच्यापुरती.

१५ फेब्रुवारी, रविवार
दुपारी चारला बेल. मनाली.

आत आली, पंख्याखाली बसली. शीळफाट्यालाच एका पॅकिंगच्या कंपनीत लागलीय. पाणी प्यायली. खरवसाचं तीच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर खाल्ला मी. आईला नाही सांगितलं."
माझ्या केसबद्दल मी एक शब्द काढला नाही. तिनेही नाही. कीर्तीची शपथ आहे, आणि शपथ नसती तरी या खेपेला मी विचारलं नसतं.
पेला खाली ठेवून म्हणाली, "माझा तो अर्ज. मागच्या वर्षीचा, नाही, त्याच्या आधीचा. तो परत लिहिता येतो का? जसं झालं तसं?"
"येतो."
"आता उशीर नाही झाला?"
"झाला. तरी येतो. पुढचं कीर्ती सांगेल, तिला उद्या विचारू."
सॉरी म्हणायचं होतं. म्हटलं तर खरं, पण इतकं हळू की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिने मान हलवली.

लॅपटॉप टेबलावर होता. तो उचलून आतल्या खोलीत ठेवला. ही डायरी उघडली, मागची कोरी पानं काढली, पेन घेतलं. हे चहा ठेवून गॅलरीत जाऊन बसले, न सांगता.

"सांग."
"कुठून?"
"तुला वाटेल तिथून."

मग बोलली, मी लिहिलं, तिचंच:
"पट्टा तपकिरी होता. बक्कल तुटलेलं. तुटलेली बाजू तो मुद्दाम बाहेर ठेवायचा."

एवढं बोलून थांबली. चहा गार झाला. म्हणाली, "बाकीचं पुढच्या रविवारी चालेल?"
चालेल म्हटलं. चप्पल घालताना विचारलं, "मावशी, जे लिहिलं ते वाचून दाखवा ना."
दारात उभी राहून वाचून दाखवलं. तिने एक शब्द बदलायला सांगितला. 'ठेवायचा' नाही, 'धरायचा'. बदलला.

जिन्यावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत तिच्यासोबत गेले. तिथून ती एकटी उतरली.